मशेरी म्हणजे तंबाखूच

काही जण म्हणतात की मशेरी ही नुसती दात घासायची पूड, तिला गुटख्याच्या पंगतीत कशाला बसवायचं? बसवायलाच हवं. तव्यावर काळा होईस्तोवर भाजून कुटलेला तंबाखू म्हणजे मशेरी. भाजल्याने सगळं निकोटिन जळून जात नाही, उलट बेंझोपायरीनसारख्या कर्करोगकारक द्रव्यांची भर पडते. हिरडीवर बोट फिरवत बसलं की निकोटिन तिथूनच रक्तात उतरतं. 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं' ही तलफच हो! गरोदरपणी निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. तरी मळमळ थांबेल म्हणून सासूच सुनेपुढे डबी सरकवते, याचा फार संताप येतो. घरात कुणी लावत असेल तर हिरडीवर, गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का बघा. 2 आठवड्यांत गेला नाही तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.