गाजलेली बेटं दरवर्षी काही महिने बंद ठेवावीत का?

खारावारा: थायलंडच्या फी फी बेटांमधला माया बे दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्यटकांसाठी बंद असतो. माझ्या मते प्रत्येक गाजलेल्या बेटावर हे व्हायला हवं. २००० सालच्या एका हॉलिवूडपटात हा किनारा दिसला आणि तिथे रीघ लागली, पुढे पुढे तर दिवसाला पाच-पाच हजार माणसं. बोटींच्या नांगरांनी प्रवाळाची पार वाट लावली. शेवटी जून २०१८मध्ये बंद केलेला किनारा थेट जानेवारी २०२२मध्ये उघडला. तोवर काळ्या टोकाच्या पंखांचे रीफ शार्क उथळ पाण्यात परत आले होते. आणखी काय पुरावा हवा?

वल्हवणारा: साफ असहमत. शार्क परतले, छान झालं. पण तिथल्या बोटवाल्यांनी त्या साडेतीन वर्षांत काय खाल्लं, हे कुणी विचारतं का? आपण आठवडाभर फिरून परत येतो, त्यांचं सगळं पोट त्या किनाऱ्यावर. फिलिपिन्समधलं बोराकाय एप्रिल २०१८मध्ये सहा महिने बंद झालं तेव्हा हजारो लोकांचा रोजगार बुडाला.

भरतीओहोटी: बोराकायचं उदाहरण उलट बाजूने बोलतं हो. तिथे हॉटेलांचं सांडपाणी सरळ समुद्रात जात होतं! असा किनारा किती वर्षं टिकला असता? ऑक्टोबरमध्ये बेट उघडलं ते रोज ६,४०५ पर्यटकांनाच प्रवेश, अशी मर्यादा घालून. नुसतं कुलूप लावून काही होत नाही, त्या काळात गटारं दुरुस्त व्हावी लागतात.

शंखशिंपले: पांढऱ्या वाळूसाठी जाणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं, की ती वाळू बरीचशी प्रवाळातूनच येते. पॅरटफिश नावाचा रंगीत मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो. सोबत खडकही पोटात जातो, घशातल्या दातांनी दळला जातो आणि मागून बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. पाण्याखाली कान दिलात तर त्याचं कुरतडणं चक्क ऐकू येतं. आता प्रवाळाची वाढ बघा. गोल, भरीव जातींची वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर. एक नांगर पडला की कितीतरी वर्षांची वाढ गेली. त्यापुढे दोन महिने काहीच नाहीत.

वल्हवणारा: मग नांगर बंद करा, माणसं कशाला? माया बेमध्ये आता बोटी खाडीत शिरतच नाहीत. मागच्या बाजूला लागतात आणि लोक लाकडी वाटेने चालत येतात. खरा फरक याने पडला. आणि समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडतं त्याचं काय? २०२४मध्ये जगभर तेच चाललं होतं. त्याला कुठलं कुलूप लावणार?

खारावारा: तापमान आपल्या हातात नाही म्हणून हातातलंही सोडायचं? आधीच उन्हाने खचलेल्या प्रवाळावर वरून माणसांच्या लाथा नकोत, इतकंच म्हणतोय. बोटवाल्यांचा मुद्दा मात्र रास्त आहे. प्रवेश शुल्कातून बंदच्या काळातली त्यांची भरपाई ठरवून द्यावी, आणि तारखा वर्षभर आधी जाहीर कराव्यात.

वल्हवणारा: भरपाई आधी हातात पडू दे, मग मी बंदच्या बाजूने बोलेन.