‘हौशी संग्रहालयांना टाळं लावा’ म्हणणाऱ्यांसाठी

किल्लीवाला:
परवा ‘सडेतोड’ यांनी लिहिलं की छोट्या गावातली स्वयंसेवकांनी चालवलेली संग्रहालयं म्हणजे रिटायर्ड लोकांचा टाइमपास, वस्तूंची नुसती वाट लागते, त्यापेक्षा सगळं उचलून मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला देऊन टाका, तिथे निदान शिकलेली माणसं आहेत. वाचून डोकं फिरलं. तिथे प्रतिसादात लिहिलं असतं तर तळाला गेलं असतं म्हणून वेगळा धागा.

मी अशाच एका ठिकाणी काम करतो. पगार शून्य, किल्ली माझ्याकडे म्हणून छप्पर गळलं की फोनही मलाच. तर साहेब, मोठ्या संग्रहालयाला द्या म्हणता, ते घेणार आहेत का हे कधी विचारलंत? ब्रिटिश म्युझियमकडे ८० लाखांच्या आसपास वस्तू आहेत आणि लोकांसमोर मांडलेल्या साधारण ८० हजार, म्हणजे शंभरात एक. बाकी गोदामात. आमच्या बंद पडलेल्या कारखान्याचं हजेरीपुस्तक अशा गोदामात गेलं तर कोण उघडणार? इथे लोक येतात, त्यात आजीचं नाव शोधतात, सापडलं की बोट ठेवून फोटो काढतात आणि जाता जाता सांगतात की अहो हे नाव चुकीचं लिहिलंय, तिला कुणी या नावाने हाक मारत नव्हतं, आणि ही खालच्या ओळीतली तिची धाकटी बहीण, दोघी एकाच खात्यात होत्या. ही माहिती पदवीवाल्या क्युरेटरला कुठल्या पुस्तकात मिळणार? वस्तू टेम्पोत घालून नेता येते हो, तिच्याबद्दल बोलणारी माणसं नेता येत नाहीत.

आणि शिकलेली माणसं असली की सगळं सेफ, हा भ्रम तर काढूनच टाका. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच ब्रिटिश म्युझियमने कबूल केलं की वस्तू गायब आहेत, आकडा पुढे सुमारे दोन हजारांवर गेला, डायरेक्टरना जावं लागलं. तिथे कुणी टाइमपास करत होतं का?

सडेतोड:
‘टाळं लावा’ हे शब्द तुमचे, माझे नाहीत. पण ब्रिटिश म्युझियमचं उदाहरण तुम्ही स्वतःहून माझ्या हातात दिलंत, धन्यवाद. चोरी इतकी वर्षं लक्षात का आली नाही? कारण त्यातल्या बऱ्याचशा वस्तूंची धड नोंदच नव्हती. आता सांगा, तुमच्याकडे कितीची नोंद आहे? आणि नोंद म्हणजे वहीत ‘एक जुना दिवा’ असं लिहिलेलं नाही.

माझा राग हवेतला नाही. आजोबांनी लिहिलेली पत्रं आईने विश्वासाने अशाच एका हौशी संग्रहालयाला दिली. मुलीला घेऊन बघायला गेलो तर पत्रं लॅमिनेट करून, वरून भोक पाडून, खिळ्याला टांगलेली. समोर मोठी खिडकी. भोक कुठे पाडलं माहितीये? तारखेवर. दानपत्र दाखवा म्हटलं तर म्हणे तेव्हाचे सेक्रेटरी वारले. परत मागितली तर म्हणे आता ती संस्थेची प्रॉपर्टी. यानंतर मी ‘वा, काय सेवाभाव’ म्हणायचं का?

मास्तर_निवृत्त:
बाकी चालू द्या पण लॅमिनेशनला उगाच नावं ठेवू नका. आम्ही केलंय, करतो. आमच्याकडे वाळवी लागली तेव्हा कपाटातले कागद भुगा झाले आणि लॅमिनेट केलेले तेवढे जसेच्या तसे राहिले. शाळेची मुलं हात लावतात, पाणी सांडतं, काही होत नाही. एसीत बसून सल्ले देणं सोपं असतं.

कागदकीडा:
मास्तर, गप्प बसणार होतो पण आता नाही राहवत. नोकरीच कागद वाचवायची आहे माझी आणि एसी आमचाही बंदच असतो.

हॉट लॅमिनेशनमध्ये प्लास्टिकच्या आतल्या बाजूचा गोंद शंभर अंशांच्या वर वितळतो आणि कागदाच्या धाग्यात शिरतो. मग तो कागद आणि प्लास्टिक वेगळं राहतच नाही. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, ते आत कोंडून तसंच काम करत राहतं, बाहेरून चकचकीत आणि आत कागद पिवळा, ठिसूळ. हे काय मीच शोधून काढलेलं नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी अभिलेखागारांसाठी सेल्युलोज ॲसिटेटच्या (एक प्रकारचं प्लास्टिक) लॅमिनेशनची पद्धत आणली, मोठमोठ्या संस्थांनी भरवशाने त्यात आपले मौल्यवान कागद घातले, पुढची पिढी प्लास्टिक विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटच्या ट्रेपुढे बसून तेच सोडवत होती. आणि ती तेव्हाची प्रतिष्ठित पद्धत, तुमचं तर झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन.

मुलांना हात लावू द्यायचाय ना? स्कॅन करा, रंगीत प्रिंट काढा, ती प्रिंट खुशाल लॅमिनेट करा, भोक पाडा, टांगा. मूळ कागद अंधारात ठेवा. मांडायचाच असेल तर ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड आणि तोही काही महिनेच, कारण उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं, रात्री दिवे घालवले म्हणून भरून येत नाही.

मास्तर_निवृत्त:
५० लक्स मोजायचं यंत्र कोण देणार, तुम्ही? आणि वाळवीचं काय ते टाळलंत.

कागदकीडा:
टाळलं नाही. मोबाइलवर फुकट ॲप मिळतं, अगदी अचूक नसतं पण खिडकीसमोर पत्र टांगू नये एवढं त्यातूनही कळतं. वाळवी जमिनीतून, भिंतीतून चढते, तेव्हा कपाट भिंतीपासून सुटं ठेवा, खालचा खण जमिनीपासून वर उचला आणि मागे टॉर्च मारून बघत जा. तुमचे लॅमिनेट केलेले कागद वाचले कारण ते हॉलमध्ये टांगलेले होते, वाळवी कपाटात होती. बरोबर?

मास्तर_निवृत्त:
तुम्ही आलात का बघायला?

कागदकीडा:
म्हणजे बरोबर. बाकी कसर, झुरळं, पुस्तकातले किडे यांच्यासाठी फ्रीझर वापरा. पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे अठरा ते वीसला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर सगळं दव वस्तूवर. काचेच्या निगेटिव्ह आणि तैलचित्रं मात्र चुकूनही आत घालू नका.

रिकामटेकडी:
मूळ विषय संग्रहालयं असावीत का हा होता आणि आपण फ्रीझरमध्ये पोचलो 😀

माझंही एक दुखणं ऐका. शिलाई मशीन!! ज्याच्या घरी माळा आवरायला काढतात तो पायाचं शिलाई मशीन आणून आमच्या दारात ठेवतो. मग टाइपरायटर. नाही म्हटलं की लोक दुखावतात, समितीतले ज्येष्ठ म्हणतात अगं देणगी आहे, नाही म्हणू नये. मागच्या खोलीत शिरायला जागा नाही आता. एक बाई मशीन घेऊन आल्या, सोबत त्यांच्या सासूची वही होती, कुणाचे कपडे शिवले, मापं काय, कुणी पैसे दिले, कुणाचे राहिले, राहिलेल्यांपुढे फुली आणि एका ठिकाणी फुलीच्या पुढे बारीक अक्षरात ‘मागू नये’. मी म्हटलं वही द्या, मशीन न्या. समितीने उलटं केलं!! मशीन हॉलमध्ये आणि वही ‘कुणी वाचणार नाही’ म्हणून परत. अजून झोप उडते.

आणि तरुण येत नाहीत हे रडगाणं तर बंदच करा प्लीज. तरुण आले की त्यांना झाडू देता आणि ‘आमच्या वेळी’ ऐकवता. मी कॅटलॉग कॉम्प्युटरवर घ्यायचा म्हटलं तर पासवर्ड कुणाकडे राहणार यावर तीन मीटिंगा.

सडेतोड:
रिकामटेकडी, तुम्ही माझीच बाजू मांडताय.

रिकामटेकडी:
अजिबात नाही. ती वही बघून मला जे झालं ते मोठ्या संग्रहालयाच्या खिडकीवरच्या माणसाला झालं नसतं. त्याने आधी फॉर्म दिला असता.

सडेतोड:
आणि फॉर्म दिला असता म्हणूनच ती वही आज कुठे आहे हे कळलं असतं.

किल्लीवाला:
हा मुद्दा लागला, मान्य. पण फॉर्म भरायला पदवी कशाला लागते? २०१९.४.२ म्हणजे २०१९ सालच्या चौथ्या देणगीतली दुसरी वस्तू, इतकं सोपं आहे ते. कुणी दिली, कुणाची होती, कायमची दिली की सांभाळायला, खाली सही, त्याचा फोटो दोन जागी. आमच्या जुन्या समितीने ‘कायमस्वरूपी उसनी’ नावाचा एक भयाण प्रकार करून ठेवलाय. एक नातू आला, म्हणाला आजोबांनी घड्याळ नुसतं ठेवायला दिलं होतं, परत द्या. आमच्याकडे कागद नाही, त्याच्याकडे आजोबांचा घड्याळ घातलेला फोटो. समितीने दिलं. आठवड्याने दुसरा नातू हजर, त्याच्याकडे पण तोच फोटो.

बाकी सडेतोड, आयकॉमने, म्हणजे संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २०२२ ला प्रागमध्ये संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली, त्यात समुदायांच्या सहभागाने काम करावं असं स्पष्ट लिहिलंय. ती माणसं काही टाइमपासवाली नाहीत.

सडेतोड:
त्याच वाक्यात सहभागाच्या आधी ‘नैतिकतेने आणि व्यावसायिक पद्धतीने’ असंही आहे. ते सोयीस्कर गिळलंत.

किल्लीवाला:
नाही गिळलं. पद्धत व्यावसायिक हवी म्हटलंय, माणूस पगारीच हवा असं कुठे म्हटलंय? इक्रॉम (वारसा जतन करण्यासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था) आणि युनेस्कोची री-ऑर्ग म्हणून पद्धत आहे, गोदामातला गोंधळ आवरायची, ती आखलीच आहे छोट्या, पैसे नसलेल्या संग्रहालयांसाठी. वस्तू सापडायला हवी, तिच्यापर्यंत पोचताना इतर दहा वस्तू हलवायला लागू नयेत, असल्या साध्या अटी. तुमची सगळं एका जागी नेऊन ठेवायची आयडिया मला दुसऱ्याही कारणाने नको वाटते. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय एका रात्रीत जळालं, दोन कोटींच्या आसपास वस्तूंचा संग्रह, बहुतेक सगळा गेला.

सडेतोड:
आणि तुमचं कौलारू छप्पर जळणार नाही. अग्निशामक सिलिंडरची तारीख बघितलीत का शेवटची?

किल्लीवाला:
...बघतो.

सडेतोड:
बघा. बरं, सगळीच बंद करा असं मी आता म्हणत नाही. ज्यांच्याकडे नोंदवही आहे, सही केलेली दानपत्रं आहेत आणि किल्ली एकाहून जास्त माणसांकडे आहे त्यांनी खुशाल चालवावं. अशी किती निघतील ते तुम्हीच मोजा. आजोबांच्या पत्रांचं मात्र कुणी बोललंच नाही.

कागदकीडा:
बोलतो. लॅमिनेशन घरी सोडवायच्या भानगडीत पडू नका, इस्त्री फिरवून बघू वगैरे तर अजिबात नाही. आत्ता दोन्ही बाजूंनी स्कॅन करून घ्या, बारकावे दिसतील असं ६०० डीपीआयवर, फाइल टिफ प्रकारची. त्याला कुणी नाही म्हणणार नाही, परत मागितली म्हणून अडवतायत, फोटोला नाही अडवणार. शाई बॉलपेनची आहे की दौतीची?

सडेतोड:
दौतीची. निळी होती, आता तपकिरी दिसते.

कागदकीडा:
मग खिडकीपासून आधी हलवायला लावा, स्कॅनचं नंतर.

मास्तर_निवृत्त:
ठीक आहे, विद्वानांचं म्हणणं शिरसावंद्य. उद्यापासून मशीन बंद. पर्याय काय ते पण सांगा की, नुसतं नको नको.

कागदकीडा:
पॉलिएस्टर फिल्म. दोन शीटच्या मध्ये कागद ठेवायचा आणि फक्त कडा बंद करायच्या, गोंद कागदाला लागतच नाही. उद्या नको वाटलं तर कात्रीने कड कापा, कागद जसाच्या तसा बाहेर. पीव्हीसीचे फोल्डर नकोत, वास येतो तेच ते. माझ्याकडे अर्धा रोल पडलाय, घेऊन येतो, पण आधी तुमचं रजिस्टर बघायला देणार असाल तर.

मास्तर_निवृत्त:
या की. रजिस्टर सेक्रेटरींच्या घरी असतं, ते मुलाकडे गेलेत, आले की कळवतो.