बंदुकीवर एक किलोमीटरची बॅटरी कशाला? जागलीवाल्यांनी वाचा

जागल्या (धारूर)
परवा एकानं लिहिलं होतं, "बंदुकीवर बॅटरी बसवायची तर कमीत कमी एक किलोमीटर फेकणारी घ्या, त्याच्या खालची सगळी खेळणी." दोन दिवस गप बसलो, पण पोरं असलं वाचून पैसे घालायलेत म्हणून लिहितो.

माझं रान डोंगराला लागून. डुकरांनी भुईमूग एका रात्रीत नांगरून टाकलेला बघितलाय, त्यामुळं "जनावरांची दया नाही का" हे कुणी मला शिकवू नये. वडलांच्या काळापासून पीक संरक्षणाचं लायसन, बारा बोअर. आता बारा बोअरचा एलजी, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं काडतूस, ३५-४० मीटरच्या पुढं पसरतो, जनावर मरत नाही, जखमी होऊन उसात घुसतं अन सकाळी ऊसतोड्याच्या अंगावर येतं. मग किलोमीटरभर उजेड नेऊन करायचं काय?

अन तो डब्यावरचा किलोमीटर काय असतो तेबी बघा. उजेड जिथं ०.२५ लक्सवर (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) येतो ते अंतर छापतात, म्हणजे पुनवेच्या चांदण्याएवढा. हिशोब सोपा हाय, कँडेलाचं, म्हणजे झोताच्या जोराचं, वर्गमूळ काढा अन दुप्पट करा, तेवढे मीटर. ४०,००० कँडेला म्हणजे ४०० मीटर, १ लाखाला ६३२, किलोमीटर पाहिजे तर अडीच लाख. चांदण्यात २०० हातावर डुक्कर हाय का शेजाऱ्याचं वासरू, सांगा बरं. लुमेन, म्हणजे चहूकडं मिळून एकूण उजेड, तर बघूच नका, बाजारात लाख लाख लुमेन लिहिलेल्या बॅटऱ्या मिळायल्यात अन समोरचा बांध दिसत नाही.

माझं मत: ४०-५० हजार कँडेला, एकच मोड, लुकलुकणारं काही नको, मागं बटण. बास.

किनवटकर
तुमची बारा बोअर हाय म्हणून सगळ्यांची बारा बोअर का? माझ्याकडं .३१५ रायफल हाय, वनखात्याची परवानगी काढून मारतो, चोरून नाही. तिची गोळी चुकली तर किलोमीटरच्या पुढं जाती. मला डुक्कर ८० मीटरवर दिसलं तरी त्याच्या मागं काय हाय ते दिसायला पाहिजे का नको? मागं आखाडा (रानातला गोठा) असला, माणूस असला तर? म्हणून लांब फेकणारी पाहिजे. तुम्ही निम्मीच गोष्ट सांगायलात अन वरून दुसऱ्याला शहाणपण.

बांधावरचा
किनवटकर बरोबर हाय. आमच्याकडं रोही (नीलगाई) ४०-५० च्या कळपानं येतेत, लांबूनच डोळे चमकतेत, लगेच कळतं.

जागल्या (धारूर)
@बांधावरचा, डोळे चमकले म्हणून गोळी घालणार का तुम्ही? डुकराच्या डोळ्यात मागं उजेड परतवणारा थर नसतोच. गाय, म्हैस, शेळी, कुत्रं, बिबट्या, रोही यांचे डोळे चमकतेत, डुकराचे तसे नाही. म्हणजे जे चमकायलंय त्यात तुमच्याच गावची गुरं जास्त. आमच्या शिवारात एकाची पाडी अशीच गेली, चमकले डोळे अन ओढला घोडा. दोन घरं अजून बोलत नाहीत एकमेकाला.

दारंधरी
तुमचं लुमेन कँडेला चालू द्या, माझं एक ऐका. मी रात्री दारं धरतो. आमच्या फिडरला (शेतीच्या लाईटच्या लाईनला) एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. गेल्या रब्बीत हरभरा भिजवत होतो, शेजारच्या धुऱ्यावरून डोळ्यावर उजेड आला अन तो हलेना. मी ओरडलो, "अरे मी हाय!" नंतर कळलं ती बॅटरी बंदुकीवर बसवलेली होती. म्हणजे तेवढा वेळ नळी माझ्या छातीवर. मला बघायला त्यानं बंदूक रोखली होती. त्या रात्री घरी येऊन जेवण गेलं नाही. याच्यावर बोला की कुणीतरी.

किनवटकर
दादा तो माणूस चुकलाच, त्याची बाजू घेत नाही. पण बॅटरीचा काय दोष? रात्री लाईट देतात हा खरा दोष. दिवसा लाईट दिली तर रानात रात्री माणूसच नसल.

वायरमन
आता आलं सगळं लाईटवाल्यावर. लोड सगळ्यांना एकदम देता येत नाही, रोहित्रं जळतेत. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, जे फिडर सोलरवर गेले तिथं दिवसा मिळायली. अन आकडे टाकून मोटारी चालवणारे कोण हायत तेबी सांगा.

दारंधरी
तुम्ही साप तुडवलाय का रात्री? २०२० ला आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, शेवटी करमाळ्याकडं गोळी घालावी लागली त्याला, तवाबी आम्ही काठीला घुंगरू बांधून दारं धरायला जातच होतो. पीक वाळत होतं. आकडा टाकणाऱ्याला पकडा, मी बिल भरतो, माझ्यावर कशाला ओरडता?

वायरमन
ओरडलो नाही. खांबावर चढणारे आमचेबी लोक मरतेत, ते कुणी लिहीत नाही. माझा साडू गेला असाच. बिल भरणाऱ्याला रात्रीचं यावं लागतं हे चूक हाय, हे मान्य. बास, पुढं बोलत नाही.

बांधावरचा
मूळ मुद्द्यावर या. मी घेतली होती मोठ्या तोंडाची, दुसऱ्याच गोळीला बंद. आता काय?

जागल्या (धारूर)
बंदुकीच्या धक्क्यानं आतला सेल मागंपुढं आपटतो अन क्षणभर तुटतो. दोन्हीकडं स्प्रिंग असलेली बघा, नुस्ती मागं स्प्रिंग असली की हेच होणार. सेलच्या मापाचे नंबर असतेत, त्यात २१७०० चा सेल जास्त वेळ चालतो पण जाड अन जड असतो, १८६५० नं माझं भागतं. अन फुल्ल उजेड किती मिनिटं टिकतो ते विचारा, गरम झाली की ती आपोआप मंद होती. नळीच्या बाजूला बसवा पण पुढं नळीची सावली पडती का ते अंधारात बघून घ्या. थंडीत नदीकाठी धुकं असलं तर किलोमीटरवाली सगळ्यात बेकार, डोळ्यासमोर पांढरी भिंत उभी राहती.

@किनवटकर, रायफलीला मागचं दिसायला पाहिजे हा तुमचा मुद्दा मला सुचला नव्हता. रायफल असलं तर लाख कँडेला घ्या. पण बारा बोअरवाल्याला नको, ते मी मागं घेत नाही.

किनवटकर
मान्य केलं एकदाचं. मग माझंबी घ्या, शोधायला हातात वेगळी बॅटरी, बंदुकीवरची फक्त जनावर पक्कं ओळखल्यावर लावायची. मी आतापर्यंत एकीवरच भागवत होतो. दारंधरीचं वाचून रात्री झोप आली नाही, खरं सांगतो. हातातलीला लाल काच लावा, डुकराला लाल उजेड कमी दिसतो, बुजत नाही. उजेड निम्म्याहून कमी पडतो, पण शोधायला पुरतो.

दारंधरी
लाल तर लाल. आज अकराला लाईट येणार, मका भिजवायचाय. आमच्या शिवारातला कुणी वाचत असल तर ओढ्याच्या अंगाला दोन उजेड दिसतील, एक डोक्यावर एक हातात. दोन्ही हलत राहतील, तो मी अन माझा पोरगा. आधी हाक मारा.