शब्दचर्चा : दोन टोळीनायकांच्या ‘रायव्हलरी’ला मराठीत काय म्हणायचं?

अक्षरगाठ :
‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) या व्हिडिओ गेमच्या कथेवर लेख लिहितोय आणि दुसऱ्याच वाक्याला अडलोय. ‘डच व्हॅन डर लिंड आणि कोम ओड्रिस्कॉल हे दोन वयस्क टोळीनायक एकमेकांचे …’ पुढे काय? ‘प्रतिस्पर्धी’ लिहिलं होतं. बहिणीने वाचून विचारलं, “स्पर्धा कसली?” तिचं बरोबर आहे. डचने कोमच्या भावाला मारलं, कोमने त्याचा सूड म्हणून डचची प्रेयसी अ‍ॅनाबेल हिला मारलं. आणि ‘शत्रू’ म्हणावं, तर मागावर असलेले पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेचे डिटेक्टिव्हही शत्रूच. १८९९ सालच्या अमेरिकेत त्यांना शत्रूंचा तोटा नव्हता. (पुढे कथा उघड होणार आहे, ज्यांना खेळायचंय त्यांनी जपून.)

दगडीजातं :
स्पर्धा नव्हती असं कसं? बड्या उद्योगपती कॉर्नवॉलची आगगाडी लुटायचा बेत मुळात ओड्रिस्कॉलांचा. डचने त्यांच्या तळावर छापा घालून तो बेतच पळवला आणि गाडी आपण लुटली. धंदा एक, शिकार एक. मी ‘प्रतिस्पर्धी’ काढणार नाही.

माळरान :
‘दावेदार’ लिहा. आमच्याकडे, नगर जिल्ह्यात, ‘त्यांचा उभा दावा आहे’ असंच म्हणतात. माझे आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांचा विहिरीच्या पाळीवरून दावा होता. विहीर सामाईक, दोघांच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात रात्री कोणीतरी दारं (पाटाचं पाणी वळवायचं तोंड) फोडलं आणि आजोबांच्या पाळीचं पाणी पलीकडच्या उसात गेलं. त्यानंतर बावीस वर्षं दोघं बोलले नाहीत. रोज विहिरीच्या एकाच थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी पडतं तिथे, पाठीला पाठ लावून उभे. ते चुलत आजोबा वारले तेव्हा आजोबांनी दहा दिवसांचं सुतक पाळलं, एकही दिवस कमी नाही. हे नातं ‘प्रतिस्पर्धी’त मावत नाही, ‘शत्रू’तही नाही. दावेदारच.

शुद्धमती :
आजच्या वाचकाला ‘दावेदार’ म्हणजे विजेतेपदाचा दावेदार. डच आणि कोम कसल्या गादीवर हक्क सांगताहेत असं वाटेल. शिवाय शब्द परका. ‘वैरी’ आपला, सरळ, पोथीतही आहे आणि ओवीतही.

माळरान :
परका कसा? दाव्याने गुरं बांधतात तसं हे दोघं एकाच दाव्याला बांधलेले. तोच तो शब्द.

दगडीजातं :
नाही हो. गुरांचं ते ‘दावं’, वैराचा तो ‘दावा’. दुसरा अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ हक्क किंवा फिर्याद. फिर्याद म्हटली की दोन पक्ष आले, आणि पक्षांत वैर आलंच. जुन्या मराठीत ‘दावेदार’ म्हणजे वैरीसुद्धा. वर्तमानपत्रांनी आता फक्त हक्काचा अर्थ जिवंत ठेवलाय.

शुद्धमती :
म्हणजे परकाच.

माळरान :
मग ‘वकील’ आणि ‘जमीन’ही परत करायची का? माझ्या आजीने हाच शब्द वापरला, मला तो परका वाटत नाही.

हिवरगाव :
मूळ वाक्यातला ‘वयस्क’ मला जास्त खटकला. हिंदीत वयस्क म्हणजे सज्ञान, मराठीत म्हातारपणाकडे झुकलेला. डच १८९९ मध्ये ४४ वर्षांचा आहे. चव्वेचाळिशीच्या माणसाला वयस्क? ‘पोक्त’ म्हणा.

शुद्धमती :
पोक्त म्हणजे वयाबरोबर शहाणपण आलेला. डचला कुठलं आलंय! तळावर सगळ्यांना जपून वागायला सांगणारा त्याचा जुना साथीदार होझेया पोक्त.

अक्षरगाठ :
हे मात्र पटलं. ‘मुरलेले’ चालेल बहुतेक.

हिवरगाव :
चालेल. नात्याबद्दल माझं मत असं, की एक शब्द सबंध कथेला पुरणार नाही. सुरुवातीला डच कोमचं नाव निघालं की तोंडाने सूड आपल्याला परवडणारा नाही म्हणतो. पुढे कोम तहाच्या बोलणीला बोलावतो आणि ती बोलणी नुसतं आमिष निघते. डच खाली बोलत असताना वर टेकडीवर पहाऱ्याला ठेवलेल्या आर्थरला, म्हणजे डचच्या टोळीतल्या खेळाच्या नायकाला, कोमची माणसं उचलून नेतात. कोमला माणूस म्हणजे वापरायची वस्तू. डच टोळीला कुटुंब म्हणतो, म्हणून तो आपल्याला वेगळा वाटतो. पण सेंट डेनिस शहरातल्या वधस्तंभाशी बघा. कोम गर्दीकडे बघत निर्धास्त उभा असतो, माणसं येतील म्हणून. सुटका होत नाही, हे कळलं की त्याचा चेहरा उतरतो. नंतर डच आपलीच माणसं मागे टाकून निघतो. तोवर दोघं एका माळेचे मणी झालेले असतात, आणि मला खेळताना सगळ्यात जास्त तेच लागलं.

दगडीजातं :
मग छत्तीसचा आकडा म्हणता येईल. आपल्या लिपीत ३ आणि ६ पाठीला पाठ लावून उभे असतात. ते देवनागरीतच दिसतं.

शुद्धमती :
तो वाक्प्रचार झाला, नाम नव्हे. ‘हे दोघे एकमेकांचे छत्तीस’ लिहिणार का?

हिवरगाव :
@माळरान, ‘दारं फोडलं’ म्हणालात. आमच्याकडे दारं मोडतात. आणि पाणी देण्याला तुमच्याकडे ‘दारं धरणं’ म्हणतात की ‘बारं देणं’?

माळरान :
बारं देणं. दारं धरणं सासरवाडीला, साताऱ्याकडे. फोडणं म्हणजे चोरून, मोडणं म्हणजे आपल्या पाळीत. आजोबा हा फरक फार पाळायचे.