‘प्रतिकारशक्ती चाचणी’ की ‘प्रतिरक्षामापन’?

प्रश्न : रक्ताच्या सीरममधील फेरिटिन मोजणाऱ्या एलायझा संचाच्या (एन्झाइमच्या खुणेने मोजणी करणाऱ्या संचाच्या) माहितीपत्रकाचे मराठी करत आहे. ‘इम्युनोअ‍ॅसे’साठी ‘प्रतिकारशक्ती चाचणी’ चालेल काय? ‘अँटिबॉडी’ला प्रतिपिंड म्हणावे की प्रतिद्रव्य?

उत्तर : ‘प्रतिकारशक्ती चाचणी’ कृपया टाळावे, कारण त्यावरून रुग्णाची प्रतिकारशक्ती तपासली जाते असा समज होईल. येथे मोजायचे आहे ते फेरिटिन, लोह साठवणारे एक प्रथिन. प्रतिपिंडे (अँटिबॉडी), म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिने, हे मोजण्याचे साधन आहे. ९६ खळग्यांच्या प्लेटवर आधीच बसवलेले एक प्रतिपिंड नमुन्यातील फेरिटिन धरून ठेवते, विकर (एन्झाइम) जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्याच रेणूला दुसऱ्या जागी चिकटते, आणि विकरामुळे उमटलेल्या रंगाची तीव्रता ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेल्या आलेखाशी ताडली की फेरिटिनचे प्रमाण नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मिळते. ‘चाचणी’ म्हटले की ‘आहे की नाही’ एवढेच मनात येते. जेथे ‘किती’ हा प्रश्न आहे तेथे ‘मापन’च हवे. म्हणून मी ‘प्रतिरक्षामापन’ लिहीन.

‘एलायझा’ मात्र तसेच ठेवावे. तो प्रतिरक्षामापनाचा एक प्रकार आहे, त्याचा पर्याय नव्हे. रोझॅलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० मध्ये इन्शुलिन मोजले ते किरणोत्सारी आयोडीनच्या खुणेने. त्या खुणेच्या जागी विकर आणणारी एलायझा पद्धत एव्हा एंगवाल आणि पेटर पर्लमान यांनी स्टॉकहोममध्ये १९७१ साली मांडली.

‘प्रतिपिंड’ मला अधिक नेमका वाटतो. पिंड म्हणजे देह, ‘पिंडी ते ब्रह्मांडी’मधला, जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिखने वापरलेल्या ‘आंटिक्योर्पर’ या जर्मन शब्दातही देहच आहे. ‘द्रव्य’ कोणत्याही पदार्थाला लागू पडते, शिवाय ‘द्रव’शी त्याची गल्लत होते.

पुरवणी प्रश्न : ‘सेन्सिटिव्हिटी’ला ‘संवेदनशीलता’च लिहू का?

उत्तर : शब्द रूढ आहे, पण अर्थ तपासून घ्यावा. रोगनिदानात त्याचा अर्थ प्रत्यक्ष रुग्णांपैकी किती जण चाचणीत सापडले असा होतो, तर आपल्या माहितीपत्रकात बहुधा ओळखता येणारे किमान प्रमाण अभिप्रेत असते. शेजारी पिकोग्रॅम किंवा नॅनोग्रॅम असे एकक दिसले, तर सरळ ‘किमान ओळखमर्यादा’ लिहावे. प्लेटवरील खळग्यासाठी ‘वेल’ हा प्रयोगशाळेत बोलला जाणारा इंग्रजी शब्दही छापू नये, मराठी वाचक तो लता या अर्थाने वाचेल. ‘खळगा’ पुरेसा आहे.