हिरोशिगेच्या आकाशातली निळी छटा कोरलेली असते का?

निळीशाई:
हिरोशिगे या जपानी चित्रकाराची टोकाइदो ही लाकडी ठशांनी छापलेली चित्रमालिका बघतेय. किती तरी चित्रांत वर गडद निळा पट्टा आणि खाली येईतो तो पार विरलेला. लाकडी ठशाने हे जमतं कसं? रंग लागेल नाही तर लागणार नाही, अधलंमधलं काय असणार? आणि प्रेस वापरत नसत म्हणे?

ठसेकरी:
कोरलेली नसते. तिथे फळी सपाट असते, छटा ब्रशने आणतात. तिला बोकाशी म्हणतात. फळी ओल्या फडक्याने पुसायची, रुंद ब्रशच्या एकाच कडेला रंग घ्यायचा, उरलेला ब्रश नुसता ओला. आडवा फिरवला की रंग पाण्यात पातळ होत जातो. सोबत थोडी तांदळाची खळ. ती कमी पडली तर रंग सलग न बसता ठिपकेठिपके येतात. हे सगळं दर कागदाला नव्याने. त्यामुळे दोन प्रतींतला पट्टा हुबेहूब कधीच नसतो. आपण हिरोशिगेचं कौतुक करतो, पण तो हात छापणाऱ्याचा; त्याचं नाव बहुधा चित्रावर नसतंच.

प्रेस नाही, बारेन. तळहाताएवढी चकती, आत बांबूच्या कोंबावरच्या सालीची पिळलेली दोरी चकलीसारखी गुंडाळलेली, वरून तशाच सालीचं वेष्टण. कागद कोझो नावाच्या झुडपाच्या सालीतल्या लांब तंतूंचा, तोही ओलसर. रंग पाण्याचा, म्हणून वर थर न धरता आत मुरतो. प्रत उलटून बघा, मागूनही रंग दिसतो.

काठावरचा:
पण ओला कागद ताणतो ना? मग इतके रंग एकमेकांवर नेमके बसतात कसे?

ठसेकरी:
केंतोमुळे. फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच, त्याच कडेला पुढे एक सरळ खाच. कागद दोन्हींना टेकवून मगच खाली सोडायचा. आधी रेषांची फळी कोरतात, तिच्या प्रती खाचांच्या खुणांसकट काढतात आणि त्या चिकटवून रंगांच्या फळ्या कोरतात, म्हणून खाचा जुळतात. कागद ताणला तरी चालतो, शेवटच्या रंगापर्यंत तेवढाच ओला राहिला पाहिजे. मधेच वाळला तर आकसतो आणि रंग रेषेबाहेर जातो. लाकूड डोंगरी चेरीचं, घट्ट. बारीक रेषाही टिकते.

निळीशाई:
आणि हा निळा कुठला?

ठसेकरी:
प्रशियन ब्लू, एक कृत्रिम रंग. १८३० च्या आसपास जपानी छपाईत त्याचा सुळसुळाट झाला, होकुसाई या दुसऱ्या चित्रकाराच्या फुजी डोंगराच्या चित्रांतही तोच. आधी वापरात असलेला फुलांचा निळा उजेडाने उडायचा.