'वी' म्हणजे आम्ही की आपण?

रातराणी: एका इंग्रजी कथेत अडकलेय. नवरा फोनवर बायकोला सांगतो, 'वी आर सेलिंग द हाउस.' या 'वी'त बायको आहे, की फक्त तो नि त्याचा भाऊ, हे शेवटच्या पानावर कळतं. इंग्रजीत वाचताना काही खटकलं नाही. मराठीत उतरवायला बसले तर पहिल्याच शब्दाला 'आम्ही' की 'आपण' ते ठरवा! काहीही लिहा, गुपित फुटतंच.

टपालपेटी: कर्ता गाळा. 'घर विकायचं ठरलंय.' मी पान वाचून पुस्तक मिटतो नि हाच माणूस मराठी असता तर काय बोलला असता, ते ऐकतो.

रातराणी: ते करून पाहिलं हो. पण 'ठरलंय' म्हटलं की तो काहीतरी लपवतोय असा वास येतो. इंग्रजीतला नवरा साधा वाटतो, तीच तर गंमत आहे. शिवाय पुढच्याच ओळीत 'अवर मनी'. आमचे पैसे की आपले?

बडोदेकर: गुजरातीतही 'अमे' नि 'आपणे' वेगळे, म्हणजे तिथेही हीच पंचाईत. हिंदीवाले एक 'हम' टाकून सुटतात.

कडूलिंब: हा फरक हल्ली पाळतो कोण? मुंबईची पोरं 'आपल्याला नाय जमणार' म्हणतात, अर्थ 'मला'. हिंदी सिनेमातलं 'अपुन' घुसलंय.

माणदेशी: 'आपण बरं, आपलं काम बरं' हेही सिनेमातून आलं का? संस्कृत 'आत्मन्', प्राकृत 'अप्पण', मग 'आपण'. 'स्वतः' हाच जुना अर्थ. उलट 'अपुन'च आपल्याकडून गेलं असणार.

कडूलिंब: 'असणार' हा पुरावा नव्हे.

बडोदेकर: संविधानाची उद्देशिका बघा. 'आम्ही, भारताचे लोक'. शेवटी 'स्वतःप्रत अर्पण', म्हणजे ऐकणारा बाहेरचा कुणीच नाही. मग 'आपण' का नको?

टपालपेटी: 'आपण, भारताचे लोक' हे सभेतलं भाषण वाटतं. 'आम्ही' म्हणजे खाली सही केल्यासारखं. त्यात 'आपण' आदरार्थी 'तुम्ही'ही होतं. वाचणाऱ्याला वाटायचं, सगळं त्यालाच करायला सांगताहेत.

कडूलिंब: ते आदरार्थी 'आपण' तर निव्वळ हिंदी छाप. मराठीला 'तुम्ही' पुरतं.

रातराणी: माझ्या 'अवर मनी'चं काय?

माणदेशी: थांबा हो ताई. कडूलिंब, मग लग्नपत्रिकेतलं 'आपण सहकुटुंब यावे'सुद्धा खोडायचं का? पुतणीची पत्रिका छापायला गेलीय, थांबवू?